माडीवरचं कुलूप

आमच्या घरात खाली काही ठेवत नाहीत. महाडात नदीकडच्या कुठल्याच घरात ठेवत नाहीत. मागच्या मोठ्या पुरात पाणी खालच्या छताला लागलं, तेव्हापासून कागदपत्रं, दागिने, शिलाई मशीन, चांगली भांडी, इतकंच काय, गणपतीचं मखरसुद्धा माडीवर. खाली प्लास्टिकच्या खुर्च्या, लोखंडी कॉट आणि स्वयंपाकाला लागेल तेवढंच. वर गेलेली वस्तू पुन्हा खाली आणायची नाही, हा नियम कुणी केलेला नाही, पण तो मोडणाऱ्याला गल्लीत वेड्यात काढतात. ह्यांना अर्धांगाचा झटका आला आणि जिना चढणं संपलं, तेव्हा ह्यांची कॉट खालच्या खोलीत टाकावी लागली. घरातली मोलाची म्हणावी अशी सगळी चीजवस्तू वर आणि हे तेवढे खाली, अशी आमची नवी मांडणी झाली.

आमचा जिना लाकडी आणि उभा. धडधाकट माणूस कठड्याला धरून चढतो. ह्यांना खुर्चीत बसवून वर न्यायचा एकदा प्रयत्न झाला, पण तिसऱ्याच पायरीवर खुर्ची अडली आणि धरणाऱ्या चौघांचे चेहरे पाहून मीच म्हटलं, उतरवा. त्या दिवसापासून ह्यांच्यासाठी माडी नाहीच.

आणि माडीवर ह्यांचं मशीन होतं.

हे टेलिफोनच्या खात्यात होते. तिथल्या यंत्रांवर युनिक्स नावाची संगणकप्रणाली चाले आणि ह्यांना त्याचा लळा लागला तो कायमचा. निवृत्त झाल्यावर एका जुन्या संगणकावर त्याचंच आजचं भावंड बसवून घेतलं. लोकांच्या संगणकांना ह्यांनी कायम नाकं मुरडली. ‘हे आपलं मुकाट काम करतं, उगाच मध्येमध्ये बोलत नाही,’ असं कौतुकाने सांगायचे, आणि सांगताना माझ्याकडे बघायचे. मी आयुष्यभर हायस्कूलला गणित शिकवलं. बोलणं हाच माझा धंदा होता, तेव्हा मी ते टोमणे पदरात घेत नसे.

पुरात महाडाचे फोटो गेले. माणसं भांडी घासून घेतात, गाद्या फेकून नव्या आणतात, पण लग्नाचा अल्बम चिखलातून काढला की त्यात फक्त रंगीत लगदा असतो. आमच्या शेजारणीने तो लगदा उन्हात वाळत घातलेला मी पाहिला आहे. तेव्हा ह्यांच्या डोक्यात आलं की इथले फोटो गेले तरी मुंबईचे गेले नाहीत. इकडच्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी मुंबईला असतं, आणि लग्नाच्या, बारशाच्या फोटोंची एक प्रत त्याच्या तिथल्या खोलीत भिंतीला किंवा ट्रंकेत असतेच. हे मुंबईला जात, नात्यागोत्यातल्या खोल्या पालथ्या घालत, फोटो स्कॅन करून आणत आणि माडीवरच्या मशीनमध्ये लावून ठेवत. आधी गल्लीचे, मग गावाचे, मग पोलादपूरच्या वरच्या वाड्यांचेसुद्धा, कारण तिकडे दरडीत घरं गेली होती. कुणाकडे मयत झालं की तेराव्याला हार घालायला फोटो लागतो. माणसं आमच्याकडे येत. हे जिना चढून जात, थोड्या वेळाने फोटो घेऊन खाली येत, आणि आलेला माणूस रडत असला तरी ह्यांच्या तोंडावर समाधान असे. मला ते तेव्हा खटकायचं.

त्या मशीनला पासवर्ड होता, आणि तो फक्त ह्यांना माहीत होता. मला कधी विचारावासा वाटला नाही. नवऱ्याच्या खिशात हात घालू नये तसंच ते.

झटक्याने उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं नेलं. एक शब्द मागे राहिला, ‘बरं’. भूक लागली का? बरं. दुखतंय का? बरं. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी ह्यांना ह्यांचं नाव सांगून विचारलं, हेच ना तुम्ही? बरं. मग भलतंच नाव सांगितलं. त्यालाही बरं. डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले आणि म्हणाले की बोलण्याबरोबर समजण्यालाही धक्का बसलेला दिसतो, किती ते सांगता येणार नाही, फार आशा धरू नका. मी विचारलं, समजतंय पण सांगता येत नाही, असं असू शकतं का? असू शकतं, म्हणाले, पण ते कळायचं कसं?

तो प्रश्न मी महाडात घेऊन आले. चाळीस वर्षं ज्या माणसाबरोबर काढली तो आत आहे की नाही, हे मला कळत नव्हतं. पाजलेलं पाणी गिळत होता, खिडकीतून गल्ली बघत होता, बरं म्हणत होता. पण तो तिथे होता का?

लोक यायला लागले होतेच. तेराव्याला फोटो हवा, वर्षश्राद्धाला हवा. मी सांगायची, पासवर्ड ह्यांनाच माहीत आहे. मग अंदाज सुरू झाले. आपल्याकडे कुणालाही कुलूप दाखवा, त्याला वाटतं किल्ली आपल्याच डोक्यात आहे. समोरचे वकील म्हणाले, रायगड घालून बघा. औषधांच्या दुकानदारांनी गाडीचा नंबर सुचवला. एकाने पुराच्या पाण्याची भिंतीवरची खूण मोजून तो आकडा आणला. ह्यांची आत्या शिवथरच्या खोऱ्यातून आली, ती म्हणाली देवाला कौल लावू. उजवा पडला की माणूस शुद्धीत आहे असं समजायचं. मी म्हटलं, आत्या, देवाला पासवर्डही विचारून घ्या. आत्या रुसून गेली. मी शेजारणीला ह्यांच्यापाशी बसवून माडीवर जायची, एकेक अंदाज टाकायची. मशीन दरवेळी थोडं मख्ख बसायचं आणि नाही म्हणायचं.

मी ह्यांनाही विचारत होतेच. पाटी आणली, मुळाक्षरांचा तक्ता आणला, डाव्या हाताचं बोट धरून तक्त्यावर फिरवलं. कुठल्याही अक्षरावर थांबलं की बरं. मी चिडायची. वर्गात एखादं मूल मुद्दाम चुकीचं उत्तर देतंय असं वाटलं की जसा संताप यायचा, तसाच. मग लाज वाटायची, मग पुन्हा तक्ता. माझ्या डोक्यात एक हिशेब पक्का बसला होता. बाकी कशाचीही खात्री देता येत नाही, पण पासवर्डची देता येते. तो ह्यांनी दिला तर हे आत आहेत. नशिबाने बरोबर यावा असा तो नव्हता, अख्ख्या गल्लीने ते सिद्धच केलं होतं.

माझी धाकटी बहीण पुण्याला असते. एका कंपनीची अशीच मशीनं सांभाळण्यात तिची हयात गेली. मी तिला रोज फोन करत असे, ह्यांच्या कॉटशेजारी बसून, कारण ह्यांना सोडून उठायची सोय नव्हती. तिने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, ‘ताई, मशीन तुझ्या हाताशी आहे ना? मग कुलूप नावापुरतंच. मी सांगते तसं कर, अर्ध्या तासात आत जाशील.’

मी विचारलं, म्हणजे पासवर्ड काय आहे ते दिसेल?

‘नाही. तो कुणालाच दिसत नाही, मशीनलासुद्धा. मशीन तो दळून ठेवतं. तू काही टाकलंस की ते दळतं आणि पीठ तसंच पडलं का बघतं. पिठाचे गहू होत नाहीत. आपण जुना पुसून नवा घालायचा, एवढंच करता येतं.’

मी म्हटलं, मग नको. ती म्हणाली, का? मला सांगता येईना. जुना पुसला की मला ताडून बघायला काही उरत नव्हतं. मग ह्यांनी उद्या काहीही सांगितलं तरी ते खरं की खोटं हे कुणाला विचारायचं? मी तिला सांगितलं, पावसाळा संपू दे.

तो पावसाळा मी त्या खोलीत काढला. दारं फुगलेली, भिंतींना ओल, कपडे वाळत नाहीत, ह्यांच्या चादरी रोज. खिडकीतून गल्लीचा एक तुकडा दिसे, तोच ह्यांना आणि तोच मला. बाहेर कुठे जायचं तर शेजारीण मोकळी असायला हवी, आणि तिलाही तिचं घर होतं. दर दोन दिवसांनी वाटायचं, दार ओढून घ्यावं आणि एसटीत बसून जाईल तिकडे जावं. भोर नाही तर महाबळेश्वर, कुठेही. तर आंबेनळी घाटात दरड आल्याची बातमी. घाट बंद, नदी भरलेली, आणि मी कॉटशेजारी. हे सगळं मी बहिणीला बोलून दाखवायची. अडकले गं मी, म्हणायची. ह्या माणसाला आता मी कोण हेही कळत नाही, आणि मी मात्र ह्याच्या चादरी धुतेय. भेटायला येणारे तर कॉटच्या पायथ्याशी उभे राहून सरळ माझ्याशी बोलत, जणू मध्ये कॉट नाहीच. ह्यांचे धाकटे भाऊ मुंबईहून आले, ह्यांच्याकडे बघून डोळे पुसले आणि म्हणाले, ‘वहिनी, खरं सांगू? दादा सुटला तर बरं, असं वाटतं.’ मी त्यांना चहा दिला. ह्यांनी खिडकीकडे पाहत म्हटलं, बरं.

एका दुपारी भोंगा झाला. नदीने धोक्याची पातळी ओलांडली की नगरपालिका भोंगा देते, आणि तो ऐकला की महाडचा माणूस आधी जिन्याकडे बघतो. आधी ठरल्याप्रमाणे गल्लीतले चौघं आले. ह्यांना खुर्चीत बांधून समोरच्या स्लॅबच्या घरात पहिल्या मजल्यावर ठेवलं. जाताना गल्लीत घोट्याएवढंच पाणी होतं. ते तेवढ्यावरच थांबलं आणि संध्याकाळी ह्यांना परत आणलं. आमच्या माडीवर सगळं सुखरूप होतं. ह्यांना पुसून, कोरडं करून कॉटवर घातलं, तेव्हा मी भिंतीला टेकून खाली बसले आणि मोठ्याने रडले. भीती संपल्यावर रडू येतं ते. ह्यांचा डावा हात चादरीवरून थोडा माझ्या बाजूला सरकला होता. त्याचा अर्थ लावायचं बळ माझ्यात नव्हतं.

भाद्रपदात एक बाई आली. पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या बाजूच्या वाडीतली. साठीच्या पुढची, पातळ ओलं, हातात काकड्यांची पिशवी. तिचा नवरा मुंबईला कामाला होता, तो तिथेच वारला. त्याचा एकच फोटो होता, वाडीतल्या माणसांच्या मुंबईच्या खोलीत भिंतीला लावलेला. हे तिकडे गेले असताना तो उतरवून आणला होता. नंतर ती इमारत पाडली, खोली गेली, फोटोही गेला. वाडीतलं तिचं घर दरडीत आधीच गेलं होतं. आता धाकट्या मुलीचं लग्न दिवाळीनंतर ठरलं होतं. त्यांच्यात मुलगी मांडवातून निघण्याआधी बापाच्या पाया पडते. बाप नसेल तर पाटावर फोटो मांडतात.

मी माझं नेहमीचं सांगितलं. पासवर्ड ह्यांनाच माहीत, मशीन बंद आहे, काही करता येत नाही.

ती बाई भांडली नाही. जिन्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘माजा मालक तुज्या माडीवर हाय गो बाय. आणि तू म्हंतेस वर जायाला वाट नाय.’

वाट नव्हती हे खोटं होतं, आणि ते मला ठाऊक होतं. माझा नवरा आत आहे की नाही हे कळावं म्हणून मी तिच्या नवऱ्याला कोंडून ठेवलं होतं. मी तिला सांगितलं, पुढच्या आठवड्यात ये.

शेजारीण ह्यांच्यापाशी बसली, मी वर गेले आणि बहिणीला फोन लावून स्पीकर चालू केला. मशीन सुरू होताना एक कळ दाबून धरायची, म्हणजे ते आपल्या नेहमीच्या वाटेने न जाता आधी विचारतं, कुठे जाऊ? तिथे एक लांबलचक ओळ उघडायची आणि तिच्या शेवटी बहिणीने सांगितलेले चार शब्द टाकायचे. अर्थ इतकाच की दारावरच्या पहारेकऱ्याला उठवू नकोस, मला थेट आत ने. मी टाकले. काळा पडदा आला आणि त्यावर एकच खूण लुकलुकायला लागली. कुणी काही विचारलं नाही. ह्यांनी इतकी वर्षं जपलेलं मशीन असं निमूट उघडलं, ह्याचंच मला वाईट वाटलं.

नवा पासवर्ड टाकायची आज्ञा दिली तर मशीनने नकार दिला. क्षणभर मला बरं वाटलं. बहीण म्हणाली, ‘अगं, ते सध्या फक्त वाचायच्या स्थितीत आहे. आधी त्याला लिहायची परवानगी दे.’ तीही आज्ञा तिने अक्षर अक्षर सांगितली. मग मशीनने नवा पासवर्ड दोनदा मागितला. तो टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, आपण हवेत बोटं मारतोय असं वाटतं. दोन्ही वेळा सारखं आलं तरच घेतं. आधी मशीनच्या मालकीचा, म्हणजे सगळ्यावर हुकूम चालवणारा पासवर्ड बदलला, मग ह्यांच्या नावाचा. बदलला असं मशीनने एका ओळीत कळवलं. बहीण म्हणाली, झालं, आता बंद करून चालू कर. मी लगेच केलं नाही. ह्यांनी जे मनात धरून ठेवलं असेल किंवा नसेल, ते आता कुठेच चालणार नव्हतं. मग बहिणीला हो म्हटलं आणि बंद करून चालू केलं.

फोटो मिळाला. खोलीच्या भिंतीला टेकून बसलेली माणसं, त्यात डावीकडून दुसरा, बनियनवर, हसणारा. बाई आली, तिने फोटो पदराने पुसला आणि छातीशी धरून गेली. ती गेल्यावर मी ह्यांना सांगितलं, दिला हो तिला फोटो. बरं, म्हणाले.

मग लोकांची रीघ लागली. पण दरवेळी ह्यांना एकटं टाकून मला माडीवर जावं लागे, आणि एकदा मी वर असताना हे कॉटवरून अर्धे खाली घसरले. कोजागिरी झाली होती, पाण्याची भीती संपली होती. मी समोरच्या दोघांना बोलावलं आणि मशीन खाली आणा म्हटलं. दोघं एकमेकांकडे बघायला लागले. ‘खाली?’ एकाने विचारलं. समोरच्या वकीलबाई खिडकीतून म्हणाल्या, अहो, आणि पुढच्या वर्षी पाणी आलं तर? मी म्हटलं, तेव्हा मशीन वर न्यायला माणसं मिळतील. आमच्या घरातली खाली आलेली ती पहिली वस्तू. पासवर्ड जिभेवर नसेल पण बोटांत असेल, तेव्हा कळफलकच ह्यांच्या हाताखाली द्यावा, हे इतक्या महिन्यांत मला, बहिणीला, डॉक्टरांना, शहाण्या गल्लीत कुणालाही सुचलं नव्हतं. वर ठेवलेली वस्तू वरच असते, तिच्याकडे आपण जायचं असतं, इतकं ते आमच्या अंगात मुरलं होतं.

टेबल कॉटला लावून मशीन मांडलं. ह्यांना उशांचा टेकू देऊन बसवलं होतं. मशीन सुरू झालं, पडद्यावर ह्यांचं नाव आलं आणि त्याखाली पासवर्डची रिकामी चौकट. मी पुसायला फडकं आणायला वळले. परत आले तर ह्यांचा डावा हात कळफलकावर होता.

एक बोट. ते कळ शोधत नव्हतं, सरळ जाऊन दाबत होतं. चौकटीत एकेक ठिपका उमटत गेला. मी फडकं हातात घेऊन उभी राहिले. बोट शेवटच्या मोठ्या कळीवर गेलं आणि ह्यांनी ती दाबली. दाबताना मान थोडी मागे घेतली. नोकरीत असल्यापासून हे अशीच मान मागे घ्यायचे.

मशीन नाही म्हणालं.

ह्यांनी पुन्हा टाकला, हळू, एकेक कळ नीट. पुन्हा नाही. मग तिसऱ्यांदा टाकला. मशीन नाहीच म्हणालं. ह्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे, आणि मग माझ्याकडे. मी नजर चुकवली. त्या नजर चुकवण्यातच ह्यांना सगळं कळलं.

ह्यांनी डाव्या हाताने कळफलक ढकलला तो टेबलावरून खाली. पाण्याचा पेलाही गेला. मी पुढे झाले तर माझा हात झिडकारला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मी म्हटलं, अहो, ऐका तरी. बरं आलं नाही. दुपारी जेवण भरवायला गेले तर ओठ मिटलेले. थोड्या वेळाने माझ्या हातातला चमचा ओढून घेतला आणि स्वतःच्या डाव्या हाताने, अर्धा भात छातीवर सांडत, जेवले. माझ्याकडे न बघता.

मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून हसले. इतकी हसले की शेजारीण काय झालं म्हणून डोकावली. मी तिला सांगितलं, हे माझ्यावर रागावलेत. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की आता दोघांचीही शुश्रूषा करावी लागणार. पण तिला काय सांगू? ते नसलेल्या माणसाचं रागावणं नव्हतं. कुणाला न विचारता कुलूप बदललं, ह्याचा तो राग होता, आणि तो माझ्या नवऱ्याचा होता.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे कॉटशेजारी बसून बहिणीला फोन लावायला घेतला, आणि तिथेच माझा हात थांबला. मी हिला इथे बसूनच सगळं सांगत आले होते. चादरी, वास, अडकले गं मी, ह्याला मी कोण तेही कळत नाही. भावजींचं ते बोलणंही इथेच झालं होतं. आषाढापासून ह्या खोलीत जे जे कुणी बोललं, ते सगळं ह्यांनी ऐकलं होतं आणि उत्तरादाखल ह्यांच्याजवळ एक बरं होतं. मी अडकले म्हणत होते, आणि माझ्या शेजारी हातभर अंतरावर हे आत बसले होते, दार ठोकायलाही हात नव्हता. हसू कुठल्या कुठे गेलं.

मी फोन ठेवला. म्हटलं, ‘तुम्ही सगळं ऐकलंत ना?’

पाठ माझ्याकडेच होती. मग मान हलली. हो की नाही ते कळण्यासारखी नाही, पण हलली. मी म्हटलं, मी दमले होते म्हणून बोलले. ते खोटं नव्हतं, तेव्हा मी ते परत घेत नाही. पण तुमच्यासमोर बोलले ह्याची मला शरम वाटते. क्षमा मागितली की ती मिळतेच असं थोडंच आहे.

राग दुसऱ्या दिवशीही होता. तिसऱ्या दिवशी मी कळफलक पुसून पुन्हा ह्यांच्या हाताशी ठेवला, माझ्या पासवर्डने आत गेले, आणि बहिणीकडून आता पाठच झालेल्या आज्ञेने ह्यांच्या नावाचा नवा पासवर्ड मागवला. मालकीचा नंतर. मग म्हटलं, ‘तुम्हाला हवा तो टाका. दोनदा सारखा आला पाहिजे. मी बघत नाही.’ आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मागे कळांचा आवाज येत होता, एक, मग थांबून आणखी एक. वळून पाहिलं तेव्हा दोन्ही वेळा सारखं आलेलं नाही असं मशीन सांगत होतं. ह्यांनी माझ्याकडे पाहून हात हलवला, पुन्हा. मी पुन्हा आज्ञा दिली, पुन्हा भिंतीकडे वळले. ह्या वेळी फार वेळ लागला. मग उशीवर डोकं टेकल्याचा आवाज आला. पडद्यावर मशीनने एका ओळीत कळवलं होतं की पासवर्ड बदलला. मग मालकीच्या पासवर्डचंही तसंच झालं, पहिल्याच फेरीत.

दिवाळीत भावजी आले. मुंबईला त्यांनी नवीन घर घेतलं होतं, वास्तुशांतीला आईवडिलांचा फोटो हवा होता. पायथ्याशी उभे राहून ह्यांच्यावरून मला म्हणाले, वहिनी, मशीन उघडलंत असं कळलं, बरं झालं. तेवढा आईबाबांचा फोटो काढून द्या ना.

मी म्हटलं, ‘मला पासवर्ड माहीत नाही, भावजी. त्यांनाच विचारा.’

त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मी खुर्चीकडे बोट दाखवलं. ते खुर्ची ओढून कॉटच्या कडेला बसले, ह्यांच्या तोंडासमोर, आणि म्हणाले, दादा. पुढचं त्यांना सुचेना. ह्यांनी त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं, कळफलकावर हात ठेवला, आणि खिडकीबाहेर बघत बसले.

मी भावजींना म्हटलं, चहा टाकते, वेळ लागेल.